मुंबई ते दिल्ली विमान अंतर किती? तिकिटावरच्या सव्वादोन तासांचा खरा हिशोब

मुंबई ते दिल्ली हे विमानाचे सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. थेट विमानाच्या तिकिटावर साधारण २ तास ५ मिनिटे ते २ तास २० मिनिटे असा वेळ दाखवलेला असतो. प्रत्यक्षात विमान हवेत असते ते पावणेदोन तासांच्या आसपास. आणि दादरच्या घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीत कॅनॉट प्लेसला उतरेपर्यंत सहा तास सहज जातात.

हे सगळे आकडे बरोबर आहेत. गडबड होते ती एकाच्या जागी दुसरा धरल्यामुळे. "विमानाने दोनच तास तर लागतात" असे म्हणून त्याच दिवशीची मुलाखत, कोर्टाची तारीख किंवा एम्समधली अपॉइंटमेंट गाठायला निघालेला माणूस इथेच अडकतो. त्यामुळे कोणता आकडा कशाचा आहे, ते एकदा नीट पाहून घेऊ.

गुगलवर अंतराचे वेगवेगळे आकडे का दिसतात?

"मुंबई दिल्ली अंतर" असे शोधले की १,१३८, १,१४८, १,१६५, १,३८५ असे बरेच आकडे समोर येतात. यातला कोणताही खोटा नाही, फक्त प्रत्येकाने मोजपट्टी वेगळ्या जागी लावलेली आहे.

अंधेरी-सहारच्या विमानतळापासून दिल्लीच्या पालम भागातल्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंत मोजले तर १,१३८ ते १,१४० किलोमीटर येतात. विमानासाठी हाच आकडा धरायचा. मैलांत तो सुमारे ७०८ आणि विमानवाले वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ६१५ होतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. काही वेबसाइट नुसतेच "मैल" लिहितात, तेव्हा कोणता मैल ते बघावे लागते.

१,१४८ हा आकडा शहराच्या मध्यबिंदूवरून आलेला असतो. नकाशाच्या हिशोबात मुंबईचा मध्यबिंदू कुर्ल्याच्या आसपास पडतो. मुंबईकराला हे पटणार नाही, पण संगणकाला मुंबई म्हणजे एक ठिपका लागतो आणि तो तिथे ठेवलेला आहे. फोर्टपासून कॅनॉट प्लेसपर्यंत सरळ रेषा काढली तर १,१६५ च्या जवळपास जाते. १,३८५ हे रेल्वेचे अंतर आहे, मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली.

रेल्वे आणि विमान यांच्यातला हा जवळजवळ अडीचशे किलोमीटरचा फरक कुठून येतो, ते नकाशावर लगेच दिसते. गाडी आधी किनाऱ्याच्या बाजूने सुरत, वडोदऱ्यापर्यंत जाते आणि मग उजवीकडे वळून रतलाम, कोटा, मथुरा करत दिल्ली गाठते. विमानाची सरळ रेषा जव्हारच्या डोंगरांवरून निघते, झाबुआजवळून जाते, रतलाम आणि कोट्याच्या आसपासून सरकते आणि जयपूर डाव्या हाताला ठेवून दिल्लीकडे जाते. म्हणजे रतलामपासून पुढे बराच वेळ विमान आणि राजधानी एकाच पट्ट्यातून जात असतात, एक खालून आणि एक वरून.

अर्थात विमानही अगदी आखलेल्या रेषेवरून जात नाही. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंना जोडून बनवलेले असतात, शिवाय उड्डाणाची आणि उतरण्याची दिशा वाऱ्यावर ठरते. दिल्लीच्या दिशेने जायचे असले तरी मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उडते आणि मग वळसा घेते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर १,१४० पेक्षा थोडे जास्तच भरते. वाटेत पावसाळी ढग आले तर आणखी जास्त.

तिकिटावरचा वेळ नेमका कशाचा?

साधे गणित करून पाहा. या मार्गावर जास्त करून एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या कुटुंबातली विमाने असतात. उंचीवर गेल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. १,१४० भागिले ८३० म्हणजे १ तास २२ मिनिटे. मग तिकिटावर २ तास १५ मिनिटे का?

पहिले कारण असे की विमान पूर्ण वेगाने फक्त मधला टप्पा कापते. दहा हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर आहे. वर चढताना आणि खाली येताना असा सगळा मिळून पाऊण तास कमी वेगाचा असतो. त्यामुळे १ तास २२ मिनिटांचे सहज पावणेदोन तास होतात.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतोच. तो विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागेवर येऊन थांबेपर्यंतचा असतो. विमान उभे असताना चाकांना जे अडसर लावतात त्यांना इंग्रजीत ब्लॉक म्हणायची पद्धत आहे. ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ म्हणून याला ब्लॉक टाइम म्हणतात. ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू होणे, धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंत येणे, हे सगळे यात धरलेले असते. मुंबईत सकाळी सहा ते नऊ या वेळात निघालात तर धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचायलाच वीस-पंचवीस मिनिटे जातात. दिल्लीचा विमानतळ इतका पसरलेला आहे की उतरल्यानंतर "आपण रस्त्याने जयपूरला निघालो की काय" असे वाटावे इतका वेळ विमान जमिनीवर चालते.

तिसरे कारण म्हणजे राखून ठेवलेली मिनिटे. कंपन्या आधीच्या हंगामात त्या मार्गाला खरोखर किती वेळ लागला ते पाहून वेळापत्रक ठरवतात आणि त्यात थोडी सवड ठेवतात. भारतात ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेले विमान "वेळेवर" मोजले जाते आणि विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए दर महिन्याला मोठ्या विमानतळांवरचे हे आकडे जाहीर करते. वक्तशीरपणाच्या यादीत वर राहायचे असेल तर वेळापत्रकात सवड हवीच. म्हणून तर कधीकधी वैमानिक अभिमानाने सांगतात की आपण वीस मिनिटे आधी पोहोचलो आहोत, आणि पुढची पंधरा मिनिटे विमान गेट रिकामे होण्याची वाट बघत उभे राहते.

याला लबाडी म्हणावे का? माझ्या मते नाही. सवड नसलेले वेळापत्रक कागदावर छान दिसते, पण पहिल्या विमानाला वीस मिनिटे उशीर झाला की तेच विमान दिवसभरात ज्या पाच-सहा फेऱ्या करणार असते त्या सगळ्या घसरतात. फक्त दोन कंपन्यांची तुलना करताना १० मिनिटांचा फरक पाहून "ही लवकर पोहोचवते" असे समजू नका. दोघींची विमाने सारख्याच वेगाने उडतात.

मुंबईची धावपट्टी आणि दिल्लीचे धुके

या मार्गावर उशीर होतो तो जास्त करून दोन टोकांना, मधल्या आकाशात नाही.

मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. कात्रीसारखी रचना आहे. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि मोठी धावपट्टी सगळा भार उचलते. तासाला साधारण ४६ विमाने चढ-उतार करतात, म्हणजे सव्वा ते दीड मिनिटाला एक. इतक्या घट्ट वेळापत्रकात एखादे विमान उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर गेले, किंवा जोराचा पाऊस आला, की मागच्यांची रांग लागते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी काही तास विमानतळ बंदही ठेवतात. ते आधी जाहीर झालेले असते, त्यामुळे त्याचा त्रास होत नाही.

रांग लागली की विमाने आकाशात घिरट्या घालतात. डहाणू-वसईच्या वर दोन-तीन गोल चकरा मारल्याचा अनुभव मुंबईला येणाऱ्या बऱ्याच जणांना असेल. पण आता शक्यतो हे टाळतात. देशभरातल्या विमानांचा ओघ सांभाळणारी एक मध्यवर्ती यंत्रणा भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मुंबईत गर्दी असेल तर ती दिल्लीतल्या विमानाला उड्डाणाची पुढची वेळ देते. म्हणून दिल्लीत दारे बंद झालेली, सगळे बसलेले, आणि विमान मात्र हलत नाही असे दृश्य दिसते. प्रवासी चिडतात, पण हवेत इंधन जाळत फिरण्यापेक्षा जमिनीवर थांबणे केव्हाही बरे.

दिल्लीची गोष्ट वेगळी. तिथे जुलै २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत, जागेची अडचण मुंबईएवढी नाही. अडचण येते डिसेंबर आणि जानेवारीतल्या धुक्याची. आधुनिक यंत्रणेमुळे धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असले तरी विमान उतरवता येते, पण त्यासाठी विमानात तशी साधने आणि वैमानिकाला तसे प्रशिक्षण लागते. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर दृश्यता लागते. म्हणजे अगदी दाट धुक्यात विमाने दिल्लीत येऊ शकतात पण बाहेर पडू शकत नाहीत. मग गेट रिकामी होत नाहीत आणि आलेल्यांना जागा मिळत नाही. धुके पहाटे आणि सकाळी सर्वांत दाट असते, बहुतेक दिवशी दहा-अकरापर्यंत विरळ होते. पण सकाळी साचलेला उशीर संध्याकाळपर्यंत पुरतो. मुंबईत लख्ख ऊन असताना दुपारचे विमान तीन तास उशिरा का, याचे उत्तर बहुधा त्या विमानाच्या सकाळच्या फेरीत असते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का नाही?

मुंबई-लंडन किंवा मुंबई-कोलकाता मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ स्पष्ट वेगळा असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. कोलकात्याला जाताना ते पाठीशी असतात आणि परतताना समोर. मुंबई-दिल्ली मार्ग मात्र बराचसा दक्षिण-उत्तर आहे. वारा कुशीवर लागतो, त्यामुळे जाता-येता फरक पडतो तो जेमतेम पाच-सात मिनिटांचा. तिकिटावर याहून मोठा फरक दिसला तर त्याचे कारण वाऱ्यात शोधू नका, त्या वेळेच्या गर्दीत शोधा.

घरापासून दारापर्यंत

आता खरा हिशोब. दादरहून टॅक्सीने विमानतळ ४० ते ६० मिनिटे. देशांतर्गत विमानाचे चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होते आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटे आधी. सुरक्षा तपासणीची रांग धरून दीड ते दोन तास आधी पोहोचावे लागते. विमानाचे सव्वादोन तास. दिल्लीत उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास. शहरात पोहोचायला आणखी पाऊण तास. बेरीज सहा तासांच्या आसपास येते आणि त्यात विमान हवेत होते पावणेदोन तास.

यूपीएससीच्या मुलाखतीचे उदाहरण घ्या, कारण दरवर्षी महाराष्ट्रातली शेकडो मुले त्यासाठी दिल्लीला जातात. मुलाखती शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाउसमध्ये होतात आणि त्या बऱ्याचदा जानेवारीपासून, म्हणजे ऐन धुक्याच्या दिवसांत सुरू होतात. सकाळी नऊला तिथे हजर व्हायचे असेल तर विमान साडेसातला दिल्लीत गेटला लागलेले हवे. म्हणजे ते मुंबईहून सव्वापाचला सुटायला हवे, म्हणजे साडेतीनला विमानतळावर आणि पावणेतीनला घराबाहेर. रात्रभर झोप नाही आणि उतरण्याची वेळ नेमकी धुक्याची. हिशोबात हे बसते, पण वर्षभराची मेहनत यावर लावू नये.

राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी ५ वाजता सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली स्टेशनला पोहोचते, तेही थेट शहराच्या मध्यभागी. साडेपंधरा तासांचा प्रवास ऐकायला मोठा वाटतो, पण त्यातले सात-आठ तास तुम्ही झोपलेले असता. एरवी सकाळच्या कामासाठी तिची पहाटेच्या विमानाशी गाठ चांगली रंगते. मात्र धुके गाड्यांनाही सोडत नाही. त्यामुळे महत्त्वाचे काम असेल तर विमान असो की गाडी, आदल्या दिवशी दुपारपर्यंत दिल्लीत पोहोचा. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे जातात, एवढेच.

विमानतळ कोणता, टर्मिनल कोणते, हेही तिकिटावर आता नीट वाचावे लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. हवाई अंतरात काहीच फरक नाही, तिथूनही दिल्ली १,१४० किलोमीटरच्याच घरात आहे. जमिनीवर मात्र मोठा फरक पडतो. पनवेल, खारघर किंवा पुण्याच्या बाजूने येणाऱ्याचा तासभर वाचेल, आणि बोरिवलीकराने चुकून ते तिकीट काढले तर तेवढाच वाया जाईल. बीओएम म्हणजे जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई, हे कोड लक्षात ठेवा. दिल्लीच्या शोधात गाझियाबादजवळचे हिंडनही दिसू शकते. नोएडा-गाझियाबादला जायचे असेल तर ते सोयीचे, गुरुग्रामला जायचे असेल तर अजिबात नाही.

मुंबईत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतून टी१ आणि टी२ गाठणे सोपे झाले आहे, पण पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. दिल्लीत टी३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीस मिनिटांच्या आत नवी दिल्ली स्टेशनला नेते. टी१ ला उतरलात तर मात्र ती लाइन तिथे नाही. तिथे मजेंटा लाइनचे स्टेशन आहे.

ब्लॉक टाइमवर तुमची भरपाई ठरते

हा भाग फारसा कोणी सांगत नाही. तिकिटावरचा तो सव्वादोन तासांचा आकडा फक्त माहितीसाठी नसतो. डीजीसीएच्या नियमांत प्रवाशाचे हक्क याच ब्लॉक टाइमवर ठरतात.

विमान कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केले तर परतावा किंवा पर्यायी विमान याखेरीज भरपाई द्यावी लागते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार. यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. मुंबई-दिल्ली दोन तासांच्या वर जाते, म्हणून कमाल १०,००० च्या गटात येते. पुणे-दिल्लीचे अंतर १,१५७ किलोमीटरच्या आसपास आहे, तेही बहुधा याच गटात बसते. नागपूर-दिल्ली ८५५ किलोमीटर, वेळ पावणेदोन तासांच्या आसपास, म्हणून नागपूरकरासाठी कमाल ७,५००.

उशिराचेही तसेच. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असलेल्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केले असेल तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातला एक पर्याय तुम्ही मागू शकता. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेलचीही तरतूद आहे.

मात्र धुके, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला खोळंबा अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई लागू होत नाही. त्यामुळे उशिराचे कारण काउंटरवर लेखी किंवा ईमेलने मागून घ्या. "ऑपरेशनल कारण" एवढे मोघम उत्तर मिळाले तर तेच विमान आधी कुठे होते ते पाहा. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर फ्लाइट नंबर टाकला की मागच्या आठवडाभरात ते कधी सुटले, कधी उतरले ते दिसते. तिकीट काढण्यापूर्वीही हे पाहता येते. कंपनीने छापलेले सव्वादोन तास आणि त्या विमानाने गेल्या सात दिवसांत खरोखर घेतलेला वेळ शेजारी शेजारी दिसतो आणि सकाळी सातचे विमान घ्यावे की साडेअकराचे, ते ठरवायला तेवढे पुरते.